वाट

पर्वरीच्या कोर्टात एवढी थंडी असते
हे कुणी सांगितलं नव्हतं.
कुडचड्याहून पहाटेची बस धरली, पणजीत बदलली.
पिशवीत पिग्मीची जुनी वही,
पुरावा म्हणून नव्हे,
एकटीनं यायला धजले नसते म्हणून.

वहीत पहिली आपोलिन. रोजचे वीस.
बांगड्याचा वास अजून आहे त्या पानाला.
मग कामील पदेर, शनिवारी दुप्पट,
आणि पंक्चरवाला हुसेन,
नाणीच द्यायचा, ग्रीस लागलेली.
बावीस वर्षं दारोदार सांगत आले:
बँकेत आहेत म्हणजे घरातच आहेत.

नियामकाचे वकील मुंबईचे, आवाज लोण्यासारखा.
कलम पस्तीस-अ, मायलॉर्ड,
ठेवीदारांच्या हितासाठीच.
'हित' मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं,
आपोलिनला दाखवायला.
सहा महिन्यांत पाच हजार काढता येतं.

आमच्या बँकेचे वकील उठले:
नोटीस शुक्रवारी संध्याकाळी,
सोमवारी शटर खाली,
म्हणणं मांडायचं कधी? रविवारी?
कुणी हसलं नाही.
न्यायमूर्तीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.
निर्णय बरोबर की चूक, ते आम्ही पाहत नाही.
आम्ही पाहतो
निर्णयापर्यंतची वाट.

मागच्या बाकावर मी मान हलवली.
वाट आम्हीही पाहतोय,
एकोणीस महिने.

पण नियामक खोटा नव्हता.
संचालकांच्या भाच्यांचे टिप्पर,
खाणी बंद पडल्यावरही ज्यांच्यावर कर्ज चढत गेलं,
रेल्वे यार्डामागे गंजत होते.
चाकांतून वेली वर आल्या होत्या.
मी रोज तिथूनच जायचे
आणि पुढच्या दाराची घंटी वाजवायचे.
मला नोटीस आली नाही.
माझं म्हणणं कुणी विचारलं नाही.
बरं झालं, नाही विचारलं.

चार वाजता निकाल:
आदेश बाजूला, बँकेला पुन्हा ऐका,
आठ आठवड्यांत नवा आदेश काढा.
तोवर निर्बंध आहेत तसेच.
जिंकलो, असं वकील म्हणाले
आणि घाईघाईत गाऊन काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाजारात
आपोलिननं विचारलं, कितें जालें, बाय?
मी पुठ्ठा पुढे केला.
तिला वाचता येत नाही, हे बावीस वर्षांत
मी कसं विसरले?
तिनं हात पुसला, सवयीनं
कमरेच्या बटव्यातून विसाची नोट काढली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि नोट ठेवली ओट्यावर,
तिच्या आणि माझ्या मधोमध,
ओली.