सातवी

चितारओळीत मे महिन्याचं ऊन
पत्र्यातून गळत होतं,
आणि माझ्या हातात एक झेरॉक्स:
चिविदाले, आठवं शतक, लोंबार्ड राजवट.
लहानसं देऊळ. आत, भिंतीच्या वरच्या अंगाला
चुनेगच्चीच्या सहा बायका,
खिडकीच्या अल्याड तीन, पल्याड तीन.
परीक्षेसाठी मॉडेल हवं होतं, एकास दहा.
भिंती मी केल्या होत्या. कमानीही.
बायका जमेनात.

अनुसया बिनेकरांनी कागद उजेडाला धरला.
"तोंडं तं काळीठिक्कर आली, पोरी."
मशीनची शाई, मी म्हटलं.
"अन् इतक्या लांबट काऊन?"
तशाच आहेत.
लांब दाढ्यांच्या लोकांचं राज्य ते.
गाड्यांत पोरंबाळं घालून डोंगर उतरून आले,
मेलेल्याच्या तोंडावरच्या कापडाला
सोन्याच्या पत्र्याचा क्रूस शिवत,
पडक्या रोमन देवळांचे खांब उचलून आणत
आणि उंची कमी पडली की
खाली दगड सरकवत.
हे शेवटचं त्यांना पटलं.
त्यांच्या कपाटाचा एक पाय विटेवर होता.

"सहाच होत्या?"
जास्त असतील. मधे भूकंप झाला. बाकीच्या पडल्या.
त्या प्लास्टर चाळत राहिल्या.

चौथ्या दिवशी सहा जणी तयार.
चौघींना मुकुट, दोघींचा साधा पदर,
खिडकीकडे वळलेले हात,
आणि डोळे मात्र
भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांचे,
कानापर्यंत गेलेले.

परीक्षक पुण्याचे. चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
वस्त्रांच्या घड्या उत्तम.
चेहरे लोंबार्ड नाहीत.
शंभरपैकी एकसष्ट.
मॉडेल कॉलेजच्या जिन्याखाली गेलं,
पुढं त्याला ओल लागली म्हणे.

परवा सतरा वर्षांनी ओळीत शिरले.
बाई थकल्यात, रंग आता सून लावते.
फळीवर मुखवट्यांच्या रांगेत, अगदी कडेला,
वीतभर उंच, लांबट एक बाई.
कपाळाला कुंकू.
सगळ्या फळीवर धूळ, तिच्या मानेवर नाही.
माझ्या सहांत ही नव्हती.

"पडली त्याच्यातली," बाई म्हणाल्या.
"तुह्या भिंतीत जागा कुठं होती?"

डोळे काढलेच नव्हते.
मी ब्रशकडे पाहिलं. त्यांनी हात आडवा केला.
"तिनं भूकंप पाह्यला नं.
राहू दे अजून थोडे दिवस."

सून म्हणाली, गिऱ्हाईक दोनदा मागून गेलं,
आई किंमतच सांगत नाही.