दोन डाव्या बाह्या

कुताइसी. आठवा मजला. लिफ्ट अकरा दिवस बंद.
वीस तेत्रीचं नाणं टाकलं की पेटीत पडल्याचा आवाज येतो,
पुढे काही नाही.
फिटिंगला निघालेली नवरी मुलगी
पाचव्या मजल्यावरून परत गेली,
तिची आई खाली पायरीवर बसून राहिली होती म्हणून.

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा बाद्री
इस्त्री मागायला आला.
शर्ट का रे? विचारलं.
नाही, म्हणाला, लिफ्ट.

नाण्याच्या पेटीतलं सर्किट जळलं होतं.
तसलं आता कुठे मिळत नाही. तो घरीच करणार होता.
हातात तळव्याएवढी तांब्याची पाटी,
भांड्याच्या घासणीने घासून लख्ख केलेली,
आणि गुळगुळीत कागद, फर्निचरच्या कॅटलॉगमधून फाडलेला:
एका बाजूला जांभळा सोफा,
दुसऱ्या बाजूला लेझर प्रिंटरने काढलेल्या काळ्या रेघा,
मुंग्यांनी शिस्तीत जावं तशा.

कागद पाटीवर पालथा ठेवून
तो इस्त्री फिरवायला लागला.
फिरवायला!
रेघा फराटल्या, शेजारच्या रेघेला जाऊन चिकटल्या.
नेलपॉलिशच्या रिमूव्हरने त्याने सगळं पुसलं,
मान खाली घालून.

सरक, म्हटलं.
हे बक्रम आहे, पडदा नव्हे.
चौतीस वर्षं कॉलरीत बक्रम चिकटवतेय मी.
इस्त्रीतलं पाणी आधी ओतून टाक, वाफ नको.
आता दाब. उचल. पुढे ठेव. दाब.
घाई झाली की कॉलरीला फोड येतात.
आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही,
कितीही वाटलं तरी.

कोमट पाण्यात कागद फुगला.
अंगठ्याने चोळला तर कणकेसारखा वळून आला,
सोफा गेला, रेघा राहिल्या.
एक तुटली होती, ती त्याने मार्कर पेनने सांधली,
मी म्हटलं, ही तुझी हातशिलाई.

मग गॅलरीत, लोणच्याच्या जुन्या डब्यात
फेरिक क्लोराइड. मार्चमधल्या रिओनीसारखं, गढूळ, तपकिरी.
अर्धा तास तो डबा इकडून तिकडे कलता करत राहिला.
झाकलेलं तांबं राहिलं, उघडं विरघळलं.
आमच्यात कापून टाकलेल्याची निदान चिंधी उरते,
उशीत भरता येते.
इथे नुसतं पाणी गडद होतं.

बाद्रीने पाटी पुसली, वर चिप ठेवून पाहिली
आणि गप्प झाला.
फिरवली. पुन्हा ठेवली.
पहिल्या पायाच्या जागी आठवा.
मावशी, उलटं छापायला हवं होतं, म्हणाला.
आरशातल्यासारखं. विसरलो.

मला हसू आवरेना.
कारखान्यात लागले त्या वर्षी
मी कापड उलटं घालायला विसरले होते,
वीस कोटांना चाळीस बाह्या, सगळ्या डाव्या.
सुपरवायझर लामारा ओरडली नाही,
एक कोट अंगात घालून
दोन्ही डावे हात हलवत ती कँटीनमध्ये जाऊन आली.
पैसे मात्र चार महिने पगारातून गेले.

हे सांगितलं तेव्हा बाद्री उठला
आणि दुसरी पाटी घासायला लागला.

रात्री दीडला भोकं पाडणं चाललं होतं,
सुईच्या नेढ्याएवढी, माझ्या मशीनच्या दिव्याखाली.
मी दोरा ओवते तसा श्वास धरून तो पाडत होता.
मी मोजत होते. एकेचाळीसला झोप लागली.

रविवारी नवव्या मजल्यावरच्या वाख्तांगने नाणं टाकलं,
सपाता घालूनच.
लिफ्ट खाकरली. गेली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
खालच्या बाईंनी एवढंच विचारलं, वीस तेत्रीच ना अजून?

नवरी मुलगी मंगळवारी आली, लिफ्टने.
कंबरेला टाचण्या लावताना
माझ्या बोटांकडे बघत राहिली. तीन बोटं तपकिरी,
लिंबाने जात नाहीत, साबणाने जात नाहीत.
कापडाला लागणार नाही, म्हटलं. वाळलंय ते.

तिचा घोळ दाबून झाला
आणि इस्त्री मी पहिल्या पाटीवर टेकवली.
तिचे रस्ते सगळे नीट आहेत,
फक्त डावीकडे निघालेले.