बदक फायनल दोन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, रात्री पावणेदोनला,
गुंडेटींच्या कारखान्यातला सर्व्हर
आधी गुरगुरला, मग नुसता टकटकत राहिला.
मी गच्चीवर होतो, ओला टॉवेल अंगावर घेऊन.
फोनवर मल्लेशम गुंडेटी म्हणाले,
"डिस्क गेली तर जाऊ द्या हो, बॅकअप हाय की तुमचा."
तो 'तुमचा' खिशात घालून
मी गाडीला किक मारली.

बॅकअप होता.
तीन वर्षं, रोज रात्री बारा वाजता, एकही खाडा नाही.
हिरव्या टिकांची अशी रांग
की शाळेत असती तर बक्षीस मिळालं असतं.
रिस्टोअर दाबलं. पट्टी सरकत शंभरावर पोचली.
फोल्डर उघडलं. नावं जागच्या जागी :
कमळ जुनं, कमळ जुनं खरं, बैलगाडी,
काठ सहा इंची, बदक फायनल, बदक फायनल दोन.
प्रत्येकापुढे शून्य केबी.
हजेरीपटावर सगळे, वर्गात कुणी नाही.

डिझाइनं मीच कधीतरी नव्या ड्राइव्हवर हलवली होती.
जुन्या जागी उरल्या नुसत्या पाट्या,
आणि सॉफ्टवेअर इमानानं
रोज रात्री त्या पाट्याच उचलत राहिलं.
त्याचं काही चुकलं नाही.

या गावात पाणी पाचव्या दिवशी येतं.
नळ गेला की आई प्रत्येक पिंपात
कोपरापर्यंत हात घालून बघते.
झाकण आहे म्हणून पाणी आहे, असं ती धरत नाही.
मी तिचाच मुलगा.

सकाळच्या पाळीला राजमल्लू आले.
पूर्वी जकार्डची कार्डं पाडायचे,
आता घड्या घालतात.
स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाले, "कार्डं होती."
होती.
माळ्यावर, दोरीत ओवलेली, भोकाभोकांची पुठ्ठ्याची कार्डं.
कॉम्प्युटर बसवला त्या वर्षी मीच म्हणालो होतो,
कशाला धूळ सांभाळता, आता सगळं आत आहे.
टेम्पो भरून गेली. किलोला नऊ रुपये.
हे त्यांना आठवत असणार.
त्यांनी मला चहा दिला.

बदकाच्या सहाशे चादरी शनिवारी जायच्या होत्या.
गोदामात बदक एकही नव्हतं.
राजमल्लू दत्त नगरात घरी गेले,
झोपलेल्या नातवाच्या अंगावरची चादर
ओढून घेऊन आले.
आटलेली, विटलेली, दुधाच्या वासाची.
टेबलावर पसरली, वर भिंग ठेवलं,
आणि ते धागे मोजू लागले :
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु...
ते तेलुगूत मोजत होते,
मी मराठीत चौकोन भरत होतो.
लाईट दोनदा गेली. दुपारपर्यंत
चोच झाली, मान झाली, अर्धा पंख झाला.

डोळ्याच्या जागी उदबत्तीचं भोक होतं.

राजमल्लू थांबले. डोळे मिटले.
बोटं टेबलावर हळूहळू दाबली,
जणू कार्ड पाडायच्या यंत्राच्या कळा अजून तिथंच होत्या.
तिसरी, चौथी, परत तिसरी, सातवी.
"असंच होतं?" मी विचारलं.
"असंच असावं," ते म्हणाले,
आणि बोटं पुसली, शाई लागल्यासारखी.

संध्याकाळी फाइल दोन जागी ठेवली.
दुसऱ्या जागेवरून उघडून बघितली.
पुन्हा एकदा बघितली.
बदक डावीकडे बघत होतं.
चादर दोन्ही बाजूंनी सारखीच,
सुलटी कुठली ते राजमल्लूंनाही आठवेना.
जुनं बदक बहुतेक उजवीकडे बघायचं.

मल्लेशम म्हणाले, "गिऱ्हाइकाला कळत नाही ओ ते."
माग सुरू झाले.
यादीत अजून दोनशे अकरा नावं होती.
राजमल्लू चादर घडी घालून घेऊन निघाले,
पोरगं तिच्याशिवाय झोपत नाही म्हणाले.