पाठलाग सोडा

निमाणीपाशी बॅरिकेड चुकवून
तो पेठ रोडने सुटला.
एमएच पंधरा, पुढचं चिखलात.
मागे कुणीतरी, ओढणी वाऱ्यावर.

मी गियर टाकला.
गांगुर्डे मॅडम म्हणाल्या, "गुन्हा काय त्याचा?"
"पळाला."
"त्याच्या आधीचा?"

वायरलेस खरखरला: पुढे बाजार आहे, पाठलाग सोडा.

डॅशबोर्डवर सेलोटेपने चिकटवलेला नियमांचा कागद.
कलम चारखाली पेनाची रेघ,
माझीच.
मागच्या वर्षी मेरीच्या वळणावर
दुभाजकापाशी एक चप्पल उरली होती,
बक्कल अजून लावलेलं.
कागद त्यानंतर आला.

सायरन बंद केला.
लाल ठिपका गर्दीत विरला.
मॅडम म्हणाल्या, चहा घेऊ, नंबर उद्या काढू.
हो म्हटलं.
गाडी उभी होती,
उजवा पाय मात्र
दाबतच होता.