गाणं दोनदा येतं

चाळीस फोन होते, पोपटी,
लांब टेबलांवर पंगतीसारखे मांडलेले,
प्रत्येकाशेजारी सुतळीने बांधलेली एक पेन्सिल;
दानाच्या रात्रीही पेन्सिली चोरीला जातात.
माझा नंबर तेवीस.
मागे ट्रेहर्नसाहेब फिरत होते, हातात घड्याळ:
नाव, पत्ता, रक्कम, आभार.
माणशी एक मिनिट. कुणाला रडू द्यायचं नाही.

स्टेडियम कार्डिफच्या भर मध्यावर
आणि आम्ही त्याच्या पोटात, पायऱ्यांखालच्या खोलीत.
वर साठ हजार माणसं उड्या मारत,
खाली आमच्या चहात वर्तुळं उठत.
कोण कोण आलं होतं म्हणून सांगू!
आरशांची विजार घालणारा तो,
जिचं नाव आमच्या गल्लीत तीन मुलींना आणि एका कुत्रीला होतं ती,
एकमेकांचं तोंड न पाहणारे ते दोघे भाऊसुद्धा
एकाच मायक्रोफोनशी, गालाला गाल.
मी त्यांतलं कुणी पाहिलं नाही.

गाणं रंगात आलं की फोन गप्प.
गाणं थांबून पडद्यावर तो किनारा आला,
पाटी पुसावी तसा वादळानं पुसलेला,
एक बाई कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर शिलाई मशीन,
की चाळीसच्या चाळीस एकदम ठणाणा.

आठला वीस कमी असताना तेवीस वाजला.
नाव?
बेनन. इडवल बेनन.
रक्कम?
रक्कम नंतर. आधी तक्रार लिहून घ्या.
तुमचं गाणं माझ्याकडे दोनदा येतं.

स्टेडियममागच्या तिसऱ्या गल्लीत राहायचा,
छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलांवर काढलेला.
टीव्हीत ड्रम आधी वाजतो, म्हणाला,
खिडकीत दीड सेकंदानं.
नऊ गाणी मोजली. फरक तोच.
आमच्या खात्यात एवढ्यात गाडीवर गाडी गेली असती.

मी म्हटलं, हवेतून आवाज पायी येतो, मिस्टर बेनन.
टीव्हीतला विजेवर बसून.
म्हणजे लंडनला वळसा घालून येतो तो आधी,
आणि पाचशे यार्डांवरून निघाला तो मागाहून?
हो.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मला मात्र ऐकू येत होतं:
आधी माझ्या डोक्यावर, मग त्याच्या टीव्हीत, मग त्याच्या खिडकीत
तोच एक गिटार, तीन वेळा, दर वेळी थोडा थकलेला.

मग विचारलं, ती बाई. मशीनवाली.
पाण्यातून काढली का तिला कुणी?
चित्र दोन आठवड्यांपूर्वीचं आहे, मी म्हटलं.
त्यापुढचं आम्हाला सांगितलेलं नाही.
दोन आठवडे, तो म्हणाला. हे मी मोजलं नव्हतं.

ट्रेहर्नसाहेबांनी खांद्यावर टकटक केली.
अकरा मिनिटं झाली होती.
रक्कम: तीन पौंड चाळीस.
कार्ड नाही, चेक नाही.
कुणाला तरी पाठवा, म्हणाला. काही लांब नाही.

रविवारी मीच गेले.
रस्त्यावर कागदी पेल्यांचा खच,
गटारात आरशाची एक टिकली, आभाळ धरून.
तंबाखूच्या डबीत नाणी मोजून ठेवलेली.
मी पुन्हा मोजली, एक पेनी जास्त निघाली.
ती त्यानं परत घेतली.
टीव्ही बंद होता, त्यावर उशीचा अभ्रा.

इकडे ये, म्हणाला, खिडकीत.
छपरांवरून दिव्यांच्या मनोऱ्याचं टोक दिसत होतं.
तिथे एक माणूस, अंगठ्याएवढा, सगळं मोडत होता.
हातोडा खाली आला. काहीच नाही.
हातोडा वर गेला, उंच, आभाळात रिकामा
आणि तेव्हा कुठे: ठण्ण.

बघ, म्हणाला.
आम्ही बघत राहिलो चहा निवेपर्यंत.
पावती फाडायची राहूनच गेली.