आठ पायांची चिप

पुलापलीकडे ब्राझील.
अलीकडे सिउदाद देल एस्ते, चौथी गल्ली,
मोज्यांच्या आणि मनगटी घड्याळांच्या ढिगांमागे
देओलिंदाचं टेबल: भिंग, दिवा,
डाख द्यायची सळई,
आणि बर्फ घातलेला तेरेरेचा पेला,
ज्याला काम संपेपर्यंत हात लावायचा नाही.
मी चौदाचा. तारा सोलायचो,
केसाएवढ्या, निळ्या.
दातांनी नाही रे, ती ओरडायची,
दात तुला अजून खूप वर्षं लागणारेत.

खरी तबकडी, ती सांगायची,
आतल्या कडेपाशी किंचित थरथरते.
त्या थरथरीत चार अक्षरं: मी कुठल्या मुलखाची.
यंत्र ती ऐकतं, मग दार उघडतं.
नकलेला तेवढं थरथरता येत नाही.
म्हणून ही, घेवड्याच्या बीएवढी.
कानाशी लागून तीच चार अक्षरं पुटपुटते,
आणि यंत्राला वाटतं, आपलीच आहे, येऊ द्या.

पुलावरचे शिपाईसुद्धा असंच ऐकतात, मी म्हणालो.
ती हसली नाही.
तिच्या नवऱ्याने त्या पुलावरून
पाठीवर टीव्ही वाहिले होते.

मग गेम शहाणे झाले.
सुरू झाल्यावरही कान टवकारून बसायचे,
कोण अजून पुटपुटतंय? सापडलं की पडदा गोठलाच.
तेव्हा नव्या चिपा आल्या,
बोलायचं तेवढं बोलून गप्प होणाऱ्या.
देओलिंदाला त्या फार आवडायच्या.
खोटं कुणीही बोलतं, म्हणायची,
थांबायचं कुठे ते शिकायला वर्षं जातात.

ऑगस्टात, उत्तरेचा गरम वारा सुटलेला असताना
सेनोविया नावाची एक बाई
टॉवेलात गुंडाळून करडं यंत्र घेऊन आली.
उलटं ठेवलं तर चालायचं, म्हणाली,
आता उलटंही चालत नाही.

पाच स्क्रू. मी ते बशीत ओळीने मांडले.
भिंग पुसलं. काळा पडदा.
वीज मोजली, साडेतीन व्होल्ट, जिथल्या तिथे.
काळा पडदा.
चाचणीची तबकडी, गाड्यांच्या शर्यतीची,
फिरली, अडखळली, परत फिरली,
दारात चपला शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
काळा पडदा.
झुरळ असेल, मी म्हणालो. एकदा निघालं होतं.

तिने दिवा खाली ओढला.
सहा तारा. निळ्या.
प्रत्येकीला वळण देऊन कोपऱ्यातून नेलेली.
असं वळण गल्लीत एकच हात द्यायचा.
तिसऱ्या पायावरचा डाख फिका, खडबडीत,
धरलेला नव्हताच, नुसता टेकलेला.
सहा वर्षं टेकून राहिला होता.
शेजारी, सुकलेल्या गोंदाखाली,
तिच्याच बारीक अक्षरात तारीख.
ती नेहमीच घालायची.

सळई तापून धूर सोडत होती.
ती तारखेकडे बघत राहिली.
त्या दिवशी दुकान उघडायला नको होतं, म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
पण पैसे लागत होते.

सेनोविया दारातल्या मोज्यांचा भाव विचारत होती.

तिने जुना डाख उचलला, नवा दिला.
तो आरशासारखा चमकला आणि क्षणात थिजला.
तबकडी. पांढरा पडदा, तो घंटेसारखा आवाज,
मग गाड्या.
उलटंच ठेवायचं मात्र, तिने बजावलं,
लेन्स थकलेली आहे, तिला माझ्याकडे औषध नाही.

किती द्यायचे?
काही नाही.
असं कसं?
अहो काही नाही म्हटलं ना, जा.

पेल्यातला बर्फ कधीच विरघळला होता.
तिने ते कोमट पाणी तसंच नळीने ओढलं,
तळाची पानं गुरगुरेपर्यंत.
मी पुढच्या यंत्राची तार सोलायला घेतली.
दातांनी.
ती समोरच बसली होती.
काही बोलली नाही.