टाकीच्या कपाटात

रशडनच्या या घरात ऊन असं नसतंच,
म्हणून गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडायचं,
टॉवेल एका बाजूला सारायचे
आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीत गोळ्या टांगायच्या.
पहिल्यांदा पाहून वैजू म्हणाली,
"सांडगे घातलेस की काय?"
मग वास आला, आणि तिनं पुढचं विचारलं नाही.

कृती रॉयस्टन टेबटची.
चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात सोल ठोकले त्यानं;
कातडं किती भिजलं, किती वाळलं
बोटाच्या पेरानं सांगायचा.
रवा, सोयाबीनचं पीठ, माशाची भुकटी,
सहा अंडी, वर अंड्याच्या पांढऱ्याची पूड दोन चमचे.
बाकीच्या गोळ्या दोन मिनिटं उकळ,
गळाच्या मात्र पाच.
"तळ्यात उधळायच्या त्या मऊ असू देत,
ते जेवण आहे.
ही कामावर निघालीय."

मग आठवडाभर टाकीची ऊब.
मग बरणीत जाडं मीठ, त्यात पुरून ठेवायच्या,
मीठ ओलावलं की बदलायचं.
शेवटी एक उचलून स्वयंपाकघराच्या फरशीवर टाकायची:
टप्प वाजली तर परत कपाटात.
टण्ण वाजली तर चाललं.

मला घाई.
पहिल्या वर्षी दुकानातल्या गोळ्या तशाच लावल्या
आणि खडीच्या जुन्या खाणीत साचलेल्या तळ्याकाठी
अख्खी रात्र अलार्म वाजायची वाट पाहिली.
सकाळी दोर ओढला: उघडा गळ.
दिवेलागणीलाच क्रेफिशनी फस्त केलं असणार.
नऊ तास
काहीच न लावलेल्या पाण्यासमोर
मी श्वास धरून बसलो होतो.
रॉयस्टन हसला नाही. थर्मासमधला चहा ओतत म्हणाला,
"कारखान्यात आमची शेवटची दोन वर्षं अशीच गेली."

जुलैत डोरीननं त्याची बरणी आणून दिली.
"ठेव तुझ्याकडे. मला झाकण उघडवत नाही."
तेवीस गोळ्या, विटकरी रंगाच्या,
भोकं सगळ्यांची तिरकी.
शेवटच्या हिवाळ्यात हात थरथरायचा त्याचा,
पण ड्रिल काही माझ्या हाती देत नसे.

शनिवारी त्यातली एक ओवली,
गळाला नव्हे,
गळामागे लोंबणाऱ्या केसाएवढ्या दोऱ्यात.
पाणी बारा फूट.
रात्री दोनदा दोर हलला, मोठं काही नाही,
कुणी नखानं दार खरवडावं तसा.
मी ओढला नाही.

उजाडताना गोळी वर आली.
कडेनं ओरखडे, बारीक चावे,
आत कुणालाच शिरता आलं नव्हतं.
कार्पही आला नव्हता.
इतकी कडक, की वासच सुटत नसेल आता?
हे विचारायचं राहिलं त्याला,
किती म्हणजे फार.

पुसून खिशात टाकली.
घरी आल्यावर, बूट न काढताच,
फरशीवर टाकून पाहिली.
वैजूनं वरून हाक मारली,
"काय पडलं रे?"